आजोबांची ब्रनो रायफल: दस्ता तसाच, नळी स्वच्छ, ग्रुप जमतोय

दस्ता घासून नवा करायचा नाही, हे रायफल हातात आली तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ब्रनो मॉडेल टू, पॉइंट टू टू (म्हणजे 0.22 इंच बोअरची), बोल्ट अ‍ॅक्शन (मूठ हाताने मागेपुढे सरकवून भरायची), पाच काडतुसांचं मॅगझिन. जुन्या चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहराच्या कारखान्यातली. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेवर राहायचे तेव्हा आजोबांनी घेतली, त्यांच्यामागे मोठ्या काकांकडे आली आणि आता माझ्याकडे. बोल्टच्या मुठीवरची काळी झिलई बरोबर अंगठा आणि तर्जनी टेकते तेवढ्याच जागी उडाली आहे, खालचं लोखंड उघडं पडून गुळगुळीत झालंय. दस्त्यावर गाल टेकतो तिथे अक्रोडाचा रंग फिका पडलाय. दोन पिढ्यांच्या हातांनी हे केलंय. पॉलिश पेपर आणि बाटलीतली झिलई वापरून ते पुसायचं, हे मला पटत नाही. बाजारात अशा रायफली ‘रिफर्बिश’ करून चकचकीत मिळतात आणि शिक्क्यांच्या कडा बोथट झालेल्या बघून जीव तुटतो.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण घरात जुनी रायफल असणारा प्रत्येकजण आधी तेच विचारतो. शस्त्र नियम 2016 मध्ये वारसाला परवाना देण्याची सोय आहे. परवानाधारक वारला असेल तर देता येतोच. तो हयात असला तरी त्याला 70 वर्षं पूर्ण झाली असतील किंवा शस्त्र त्याच्याकडे 25 वर्षं असेल, तर त्याच्या संमतीने देता येतो. काकांचं दोन्हींत बसत होतं. बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागतं, म्हणून आत्याच्या आणि चुलतभावांच्या सह्या घेत फिरलो. अर्ज शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं राहू शकतात आणि वारशाने आलेलंही त्या दोनांतच मोजलं जातं. म्हणून ज्यांच्या वाड्यात तीन-चार जुन्या बंदुका आहेत त्यांनी कोणती कोणाच्या नावावर करायची हे म्हातारी माणसं असतानाच बसून ठरवावं. नंतर भावकीत ओढाताण होते आणि रायफल कुठल्यातरी दमट खोलीत गंजत पडते.

आमचीही गंजली, पण कारण वेगळं निघालं. काकांनी ती जिवापाड जपून चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवली होती. चामडं पावसाळ्यात ओल धरून ठेवतं, कमावताना वापरलेली द्रव्यंही त्यात असतात, आणि हे सगळं लोखंडाला चिकटून राहतं. कव्हरच्या शिवणीची रेघ नळीवर तांबूस गंजाच्या ठिपक्यांत जशीच्या तशी उमटली होती. कव्हर आता भिंतीवर शोभेला आहे. रायफल कुलूपबंद कपाटात उघडी उभी असते, अंगावर तेलाचा पातळ हात आणि खाली सिलिका जेलची डबी. जेलचा रंग बदलला की तव्यावर कोरडी करून घेतो.

बाहेरचा गंज तेल लावून, मुरू देऊन, मऊ तांब्याच्या काठाने खरवडला. सँडपेपर नाही. ठिपके गेले नाहीत, पण वाढायचे थांबले. नळीच्या आतलं काम जास्त नाजूक. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये बोल्ट काढला की मागून सरळ उजेड दिसतो, म्हणून साफ करायची सळई चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या, बाजूनेच घालायची. तोंडाकडून घातली की सळई क्राउनवर, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेवर, घासते, आणि गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडेचा असतो. क्राउन शाबूत आहे का, हे बघायला कानात घालायची कापसाची काडी नळीच्या तोंडावर गोल फिरवली. धागा अडकला की तिथे कड उठली आहे असं समजायचं. कुठेच अडकला नाही. मला त्या क्षणी झालेला आनंद घरात कुणाला समजावून सांगता आला नाही, तुम्हाला समजेल.

आत चेंबरच्या पुढे थोडी शिशाची पुटं होती, ती ब्राँझच्या ब्रशने निघाली. त्यापलीकडे फार धुवायच्या भानगडीत पडलो नाही. पॉइंट टू टूच्या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेणासारखं वंगण असतं आणि त्याचा थर नळीत बसला की मगच रायफल एका जागी मारायला लागते. घासून कोरी केलेल्या नळीच्या पहिल्या गोळ्या भरकटतात. महायुद्धापूर्वीची रायफल असेल त्यांच्यासाठी मात्र वेगळी सूचना: त्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या मसाल्यात) पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचा क्षार नळीत राहतो आणि हवेतली ओल ओढतो. तो तेलात विरघळत नाही. आधी गरम पाणी, मग पूर्ण कोरडं, मग तेल.

दस्त्याला जवसाचं तेल. आपल्या विदर्भात जवस पिकतो, घाण्यावर ताजं तेल मिळतं, आणि अक्रोडाला याच्याइतकं मानवणारं दुसरं काही नाही. कच्चं तेल वाळायला दिवसच्या दिवस घेतं, म्हणून एका वेळी बोटाच्या टोकावर मावेल इतकंच घ्यायचं, तळव्याने लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचं आणि उरलेलं पुसून टाकायचं. पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी गच्चीवर तारेवर पसरून वाळवतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, उजवीकडे सरकायच्या कोड्यात. उन्हाळ्यात रेंजवर साइट (नेम धरायची खूण) बसवून ठेवली होती. जुलैत तीच रायफल, तीच काडतुसं, पण छिद्रं सगळी उजवीकडे. नळी आणि पुढच्या लाकडाच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी सरकवून बघितली. मॅगझिनपासून निम्म्यापर्यंत सहज गेली आणि मग डाव्या बाजूला घट्ट अडली. पावसाळ्याच्या हवेने लाकूड फुगलं आणि नळीला एका अंगाने रेटायला लागलं. लाकूड कोरायचा मोह टाळला. नागपूरच्या सदर भागातल्या परवानाधारक दुरुस्तीवाल्या चाचांनी स्क्रू सोडून अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो लोखंडी भाग) नीट बसवली, स्क्रू एकाच ताणाने आवळले आणि दस्त्याच्या आतल्या उघड्या लाकडालाही तेल पाजायला सांगितलं. बाहेरून इतकं तेल दिलं जातं, आतलं लाकूड मात्र कारखान्यातून निघाल्यापासून कोरडंच असतं. ऑक्टोबरात पट्टी शेवटपर्यंत गेली आणि ग्रुप परत मध्यावर आला. खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात.

काडतुसांबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: स्टँडर्ड व्हेलॉसिटीच. साधारण 40 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला 325 मीटरच्या आसपास निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खालीच राहते. हाय व्हेलॉसिटीवाली आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटते आणि लक्ष्याच्या वाटेवर तो वेग ओलांडून खाली येते. तेवढ्या वेळात तिचा तोल ढळतो. नागपूरकरांना यात एक फायदाच आहे. 15 अंशांना आवाज सेकंदाला 340 मीटर जातो, आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांना जवळपास 357. म्हणजे उन्हाने दारू तापून गोळी थोडी जोरात गेली तरी ती मर्यादेच्या आतच राहते. तरीही काडतुसांचा डबा उन्हात ठेवू नये, कारण डब्यातली वरची गरम आणि खालची गार असली की छिद्रं उभी पसरतात.

सध्या 50 मीटरवर, उघड्या साइटवर, वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या तीन सेंटीमीटरच्या आत येतायत. याच अंतराच्या स्पर्धेच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये (झोपून नेमबाजी) विश्वविजेतेपद मिळवलं आणि स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन्सचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य आणलं, ते याच काडतुसावर. त्यांच्या रायफली वेगळ्या जातीच्या, पण छोट्या बोअरची शिकवण तीच आहे. धक्का नाही म्हणून काही लपत नाही. गोळी हळू असल्याने चाप ओढल्यावरही ती क्षणभर नळीतच असते, तेवढा वेळ खांदा स्थिर हवा. मोठ्या बोअरच्या रायफलीवर मी हे कधीच शिकलो नसतो.

एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंग थकली आहे, अधूनमधून रिकामं केस चेंबरमध्येच राहतं. नवी स्प्रिंग चाचांकडे तयार होतेय, जुनी पाकिटात घालून रायफलीच्या कागदांसोबत ठेवणार आहे. डिसेंबरच्या सकाळच्या गारठ्यात, आठ-दहा अंशांवर, हीच काडतुसं किती खाली मारतात ते बघायचंय, आणि प्रोनसाठी पट्टा बसवायचा आहे. त्यासाठी दस्त्याला नवीन भोक पाडणार नाही, आजोबांच्या वेळच्या जुन्या स्विव्हलवरच (पट्टा अडकवायच्या कडीवर) जमवतो.