मामाचे भुंगे आणि माझी नागपूर ट्रिप

मी नागपूरला गेले होते मारबत (मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक) बघायला, हे आधीच सांगून टाकते कारण पुढे सगळं भुंग्यांवरच जाणार आहे. पुण्याहून रात्रभरची ट्रेन, सकाळी अजनीला उतरले तर मामा ॲक्टिव्हा घेऊन हजर, आणि कशी आहेस, प्रवास कसा झाला काही नाही, पहिला प्रश्न "फुल बाह्यांचे कपडे आणले ना वं?"

मारबत भारी झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत नुसता लोंढा असतो, काळी मारबत, पिवळी मारबत, त्यांच्या मागे बडगे नावाचे आणखी पुतळे, आणि लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात की रोगराई, खोकला, महागाई, जे काय नको असेल ते "घेऊन जा गे मारबत!" माझ्या शेजारी उभा राहून मामा काय ओरडला? "गाजरगवत घेऊन जाय गे मारबत!" पुढचे दोघंतिघं वळून हसले, एकाने तर टाळी दिली. म्हणजे दुखणं सगळ्यांचंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुल बाह्यांचा उलगडा झाला. मामाचा उमरेड रोडला एक प्लॉट आहे, एका लेआउटमध्ये, दहा वर्षं रिकामाच. (नागपुरात लेआउट म्हणजे काय ते पुण्याच्या लोकांनी एकदा बघावं, लांबच लांब आखलेले प्लॉट, चार घरं आणि बाकी सगळं कंबरभर गाजरगवत.) मामा कृषी खात्यातून रिटायर झाला, आयुष्यभर या गवतात फिरला आणि आता त्याला त्याचीच ॲलर्जी आहे, कोपरापासून मनगटापर्यंत कातडी काळपट, जाड, खाजून खाजून भेगा पडलेली. मामीने त्याला गवताला हात लावायची बंदी केलीय. म्हणून हे गवत खाणारे भुंगे वेचून प्लॉटवर सोडायला मी!

मनीषनगरहून निघालो, पहिला थांबा अंबाझरीजवळ तर्री पोहे. तर्री इतकी तिखट की नाकातून पाणी, आणि मामा मात्र शांतपणे तलावाच्या कडेच्या जलपर्णीकडे बोट दाखवून सांगतोय की तिच्यावरही किडा आहे, बारका सोंडेवाला, १९८०च्या दशकात भारतात आणला, बेंगळुरूकडच्या तलावांवर त्याने चांगलं काम केलं. मोठा किडा पान खरवडतो आणि अळी देठात बोगदा करते, मग देठ सडतो आणि झाड पाण्यात बसतं. "पन त्याले दोन-तीन वर्षं द्या लागते. इथं पोकलेन लावून काढतेत, किडाही गवतासंगंच ट्रकमंदी."

मला वाटलं होतं हे किड्यांचं प्रकरण नवीन असेल, तर नाही. १७९५ साली लाल रंगासाठी म्हणून ब्राझीलहून कोचिनिल किडे भारतात आणले, ते निघाले भलत्याच जातीचे, रंग काही धड मिळाला नाही पण त्यांनी इथला निवडुंग फस्त करायला घेतला. चुकून झालेलं काम! पुढे ऑस्ट्रेलियात १९२०च्या दशकात अर्जेंटिनाचा पतंग आणून त्याच्या अळ्यांनी लाखो एकर निवडुंग संपवला, आणि तिथे क्वीन्सलंडमध्ये बूनार्गा नावाच्या गावात लोकांनी त्या किड्याच्या नावाने हॉल बांधलाय. आपल्याकडे हॉलला नाव द्यायचं म्हटलं तर किती मीटिंगा होतील, त्यात किड्याचं नाव कोण सुचवणार?

तिथून हिंगणा टी पॉइंट, आणि पुढे रस्त्याच्या बाजूला एक पडीक जागा जिथे मामाला भुंगे माहीत होते. मी बघतेय तर आधी काहीच दिसेना, पांढऱ्या फुलांचं नेहमीचं गाजरगवत. मग एका झाडाचा शेंडा जाळीसारखा दिसला, पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, आणि त्यावर तो बसलेला. मसुराच्या डाळीपेक्षा थोडा मोठा, मळक्या पांढऱ्या रंगाचा आणि पाठीवर चॉकलेटी नागमोडी रेघा, कुणी बारीक ब्रशने काढल्यासारख्या. बोट नेलं तर पाय आखडून टपकन खाली पडला, मेल्यासारखा. "नाटक करून राहिला तो, उचल," मामा लांबूनच. पान उलटं केलं तर खाली पिवळसर अंडी.

हा मेक्सिकन भुंगा. गवतही तिकडचंच, अमेरिका खंडातलं, आणि भारतात ते पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यावर आलं ते १९५०च्या दशकात, कुठे तर पुण्यात! अमेरिकेच्या गव्हासोबत आलं म्हणतात. "तुमच्या पुन्याचं पाप, आमी फेडून राहिलो," हे मामाने दिवसभरात चारदा तरी ऐकवलं. गवत आलं पण त्याला खाणारा तिकडेच राहिला, म्हणून ते माजलं, एकेका झाडाला हजारो बिया, गुरं तोंड लावत नाहीत आणि लावलं तर दूध कडू. मग १९८३ मध्ये मेक्सिकोहून हे भुंगे बेंगळुरूला आणले, तपासण्या करून पुढच्या वर्षी सोडले. मामाने नोकरीत असताना पहिले भुंगे जबलपूरहून आणले होते, तिथे तणांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, ते भुंगे देतात आणि दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह पण करतात.

मी साहजिकच विचारलं की गवत संपल्यावर हे संत्र्यावर गेले तर? मामाने अशी नजर टाकली ना. म्हणे सोडायच्या आधी कितीतरी पिकांवर उपाशी ठेवून बघतात. तरी १९९०च्या दशकात कर्नाटकात सूर्यफुलावर भुंगे दिसले आणि मोठा गोंधळ झाला, भुंगे सोडणं थांबवलं, समिती बसली. शेवटी कळलं की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडले होते आणि हे त्या वासावर फसून पानं कुरतडत होते. मला हे ऐकून त्या भुंग्यांची कीवच आली.

दीड तासात बरणी भरली, शंभरेक असतील. झाकणाला भोकं, आत गाजरगवताच्याच दोन फांद्या. ॲक्टिव्हाच्या डिकीत ठेवली तर उकडून मरतील म्हणून आउटर रिंगरोडने उमरेड रोडपर्यंत मी बरणी मांडीवर धरून, ट्रक शेजारून जाताना दोन्ही हातांनी झाकून. सिग्नलला एका बाईने विचारलं, लोणचं का?

प्लॉटवर मात्र मामा थोडा गप्प झाला. मागच्या वर्षी इथे सोडलेले भुंगे जमले होते, अळ्या दिसायला लागल्या होत्या आणि नेमका तेव्हाच कुठल्यातरी ठेकेदाराने सगळ्या लेआउटवर तणनाशक मारलं. आठवड्यात गवत पिवळं, सगळे खुश. भुंग्यांना खायला काही उरलं नाही आणि पुढच्या पावसात गवत मात्र परत हजर. खरं सांगायचं तर भुंगा म्हणजे जादू नाहीच, तो पावसाळ्यातच खातो, हिवाळा आला की जमिनीत शिरून झोपतो ते पुढच्या पावसापर्यंत, आणि पाणी मिळालं की गवत बाराही महिने उगवतं. म्हणून मामाने मधे मधे तरोट्याचं बी फेकलंय. तरोटा म्हणजे आपला टाकळा, हे मला त्या दिवशी कळलं, आजवर मी दोन वेगळ्या भाज्या समजत होते! तो दाट उगवला की गाजरगवताला जागाच देत नाही. एका कोपऱ्यात खरंच तरोटा गुडघाभर आणि गाजरगवत विरळ होतं. बाकी प्लॉट तसाच.

मी झाडाझाडावर पाच-सहा भुंगे ठेवत गेले. अर्धे खाली पडून नाटक करत, अर्धे देठावर गप्प. मामा बांधावर बसून बघतोय, मी बघतेय, दहा मिनिटं झाली, एकाने पानाला तोंड लावलं नाही.

"मामा, हे खातच नाहीयेत."

"आत्ता तं आले बिचारे. हातपाय धुतीन, मंग जेवतीन."

तेवढ्यात पाऊस आला आणि आम्ही रिकामी बरणी घेऊन पळालो.