'मृत्युंजय'नंतर काय? अखेर कोंडी फुटली

वर्षानुवर्षं 'मृत्युंजय'वरच थांबलेल्या आमच्या सोसायटीतल्या काकूंनी 'झोंबी' संपवलं आणि लगेच त्याचा पुढचा भाग 'नांगरणी' मागितलं. आधीच्या नोंदी वाचलेल्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही. तरी मला सांगायचंय, कारण ही कोंडी कशी फुटली ते कळलं तर तुमच्याकडच्याही दोनचार जणांची फुटेल असं मनापासून वाटतं. सोसायटीतलं पुस्तकांचं कपाट, पुस्तकासोबत द्यायच्या चिठ्ठ्या आणि पहिली तीस पानं तरी वाचायचीच हा वाचकाशी केलेला करार यांबद्दल मागे सविस्तर लिहिलंय, ते पुन्हा लिहीत नाही.

अडचण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. सोसायटीत कपाट सुरू केल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की न वाचणाऱ्यांपेक्षा वाचता वाचता थांबलेली माणसं जास्त आहेत. 'ययाति', 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय', 'छावा' ही वाट त्यांनी कधीच आवडीने चालून संपवलेली असते. पुढचा रस्ता कुणी दाखवत नाही, म्हणून ती त्याच वाटेवर फेऱ्या मारत राहतात. काकू त्यांतल्या एक. त्यांच्याकडची 'मृत्युंजय'ची प्रत पुन्हा बांधून घेतलेली आहे आणि अजून वाचनात आहे. अशा वाचकाला 'आता काहीतरी वेगळं वाचा' असं सांगणं मला उद्धटपणाचं वाटतं. १९६७ साली आलेलं पुस्तक एखाद्या बाईला इतकी वर्षं पुरतं, तर त्यात तिला काय सापडलंय ते आपण आधी शोधायला हवं.

शिफारस करताना आपण सगळे 'विषयाला विषय' लावतो. कर्ण आवडतो ना, मग कर्णच द्या. म्हणून मी 'राधेय' दिलं. ते चारच दिवसांत परत आलं आणि काकू म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय गं, पण हा माझा कर्ण नाही." मग महाभारतच धरून इरावती कर्व्यांचं 'युगान्त' दिलं. माझं स्वतःचं हे अतिशय लाडकं पुस्तक. काकू कर्णावरच्या लेखापर्यंत पोचल्या आणि तिथे त्यांनी ते मिटलं. इरावतीबाई कर्णाची बाजू घेत नाहीत, त्याला तपासतात. काकूंना ते घरच्या माणसाची उलटतपासणी चालल्यासारखं वाटलं. त्यानंतर कितीतरी दिवस पुस्तकांचा विषय निघाला की त्या भाजीच्या भावावर येत.

मग विषय सोडला आणि 'बनगरवाडी' दिलं. हे सगळ्यांना चालतं, असा आपला अनुभव. काकूंनी पूर्ण वाचलं, "छान आहे" म्हणाल्या आणि जागेवर नेऊन ठेवलं. मला विचाराल तर 'छान आहे' हा सगळ्यांत वाईट निकाल. अर्धवट टाकलेलं पुस्तक निदान वाचक कुठे अडला ते तरी सांगतं. 'छान आहे'मधून काहीच हाती लागत नाही. चांदण्या देऊन पुस्तकांना गुण लावणारी ॲपं मला याच कारणासाठी निरुपयोगी वाटतात. चार चांदण्या कशाला, कितव्या पानाला, कुणी दिल्या, यातलं काही कळत नाही. संगणकावरचा तक्ताही मी बंद केलाय. प्रत्येक वाचकाचं एक पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, त्यावर पेन्सिलीने पुस्तकाचं नाव आणि वाचक जिथे थांबला ते पान. एवढं पुरतं, आणि बोलता बोलता लिहिता येतं.

या कार्डामुळेच प्रश्न बदलायचं सुचलं. 'तुम्हाला काय आवडतं?' याला सगळे पाठ केल्यासारखी उत्तरं देतात. त्याऐवजी काकूंना विचारलं, की 'मृत्युंजय'मधलं कुठलं पान तुम्ही परत परत काढता? युद्ध असेल, कवचकुंडलं असतील असं वाटलं होतं. त्यांनी आखाड्यातला प्रसंग काढून दाखवला. कर्ण सगळ्यांसमोर उभा आहे, हातात कसब आहे आणि त्याला कुळ विचारलं जातंय. दुसरं पान वृषालीच्या भागातलं निघालं.

आता 'मृत्युंजय'ची बांधणी आठवा. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण. प्रत्येकजण आपापल्या तोंडाने सांगतो. काकूंना महाभारत नको होतं, 'मी' म्हणून बोलणारं माणूस हवं होतं. पण मग 'बनगरवाडी'चं काय? तेही मास्तर स्वतःच सांगतो की! यावर मी खूप विचार केला. बनगरवाडीचा मास्तर दुसऱ्यांकडे पाहतो, धनगरांचं जग आपल्यापुढे मांडतो आणि स्वतः बाजूला राहतो. त्याचं स्वतःसाठी मागणं असं काही नाही. कर्णाचं आहे. मला माझी जागा द्या, मी लायक आहे, एवढंच तो आयुष्यभर म्हणतो. काकूंना मागणं असलेला 'मी' हवा होता. हे कार्डावर लिहिलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो इथल्या लोकांनाच कळेल.

या कसोटीवर यादी नव्याने केली. 'कोसला' गळलं, त्यातल्या पांडुरंगाला कुणाकडे काही मागायचंच नाही. 'स्मृतिचित्रे'त मागणं आहे, पण लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात आणि काकूंना रडू आलेलं आवडतं, म्हणून ते पुढच्यासाठी ठेवलं. 'बलुतं' आणि 'उपरा' वर आले. आनंद यादवांचं 'झोंबी' कसोटीला सगळ्यांत नेमकं बसत होतं. कागलचा एक शेतकऱ्याचा मुलगा, शिकायचंय म्हणतोय आणि बाप त्याला शाळेतून काढून शेतात जुंपतोय. आखाड्यातल्या प्रसंगाचंच दुसरं रूप. तरीही मी ते मागे ठेवलं होतं, कारण जाडी बरीच आणि बोली कोल्हापूरकडची. काकू अलिबागच्या. परक्या बोलीपाशी आपले किती वाचक गळतात हे वऱ्हाडी संवादांच्या 'धग'च्या वेळी पाहिलंय.

आणि इथे काकूंची नात आली. ती सीबीएसईची, बारावीला हिंदी घेतलेली. त्यांच्या 'वितान' नावाच्या पुस्तकात 'जूझ' नावाचा पाठ आहे. तो म्हणजे 'झोंबी'तलाच उतारा, हिंदीत आणलेला! नातीला त्यातलं 'कोल्हू' कळेना, म्हणून ती आजीला विचारायला गेली. आजीने गुऱ्हाळ समजावलं आणि मग दोघींनी पाठ शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. मुलगा आणि आई रात्री दत्ताजीराव देसायांकडे जातात, बापाला समज द्या म्हणून विनवतात. बाप कबूल होतो तेही अटी घालून, की सकाळी अकरापर्यंत शेतावर पाणी पाजायचं, मग शाळा. पुढे सौंदलगेकर मास्तर कविता शिकवतात आणि पोरगा गुरं राखताना स्वतः कविता करू लागतो. कागद नसला तर म्हशीच्या पाठीवर काडीने लिहितो. पाठ तिथेच कुठेतरी संपतो. दुसऱ्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या. "अगं, तो आनंद म्हणून मुलगा आहे, त्याचं पुढे काय झालं? आहे का तुझ्या कपाटात?"

होतं. त्याच संध्याकाळी दिलं. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं: 'पाठातला भाग मध्ये येतो, त्याची वाट बघू नका, पहिल्यापासून वाचा. मारहाण आणि आईचं सोसणं खूप आहे, रात्री झोपताना नको. संवाद अडले तर मोठ्याने वाचा.' शेवटचं वाक्य नातीमुळे सुचलं. अडलं की काकू खरोखरच मोठ्याने वाचू लागल्या आणि कागलची बोली त्यांना चार पानांत कळायला लागली. डोळ्यांना जी बोली परकी वाटते ती कानाला तितकी वाटत नाही. काकूंच्या कार्डावर आता 'झोंबी'समोर पान लिहिलेलं नाही, पूर्ण म्हणून रेघ ओढलीय. १९९० साली साहित्य अकादमी मिळालेलं, सगळ्यांना नावाने ठाऊक असलेलं हे पुस्तक, पण काकूंच्या हाती आलं ते हिंदीच्या धड्यातून.

खरं तर या नोंदीत पुढे दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांबद्दल लिहिणार होते. ते राहू दे. लिहिता लिहिता डोक्यात दुसरंच सुरू झालंय.

धडा म्हणजे आधीच वाचून झालेली तीस पानं! आपला सगळा करारच मुळी पहिली तीस पानं वाचून घेण्यासाठी आहे. इथे ते काम शाळेने करून ठेवलंय. प्रत्येकाला लहानपणीचा एकतरी धडा आठवतो, आणि तो कुठल्या पुस्तकातून घेतलाय ते बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं. लेखकपरिचयाखाली ती ओळ असते, पण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून कुणी वाचत नाही. अलीकडच्या दहावीच्या कुमारभारतीत 'उपास' आहे. तो वाचून हसलेल्या मुलांपैकी कितीजण 'बटाट्याची चाळ'पर्यंत गेले? म्हणून कपाटाचा मधला कप्पा रिकामा करतेय. त्यावर पाटी लावायची, 'धड्याचं पुस्तक'. चिठ्ठीवर धड्याचं नाव मोठं, पुस्तकाचं त्याखाली. ज्या पिढीने बालभारती वाचली त्या प्रत्येकाला इथे आपलं काहीतरी सापडेल. यासाठी जुनी पाठ्यपुस्तकं लागतील. रद्दीवाल्यांना सांगून ठेवलंय, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरही बरीच जुनी पुस्तकं आहेत, तीही चाळायला घेतलीत.

प्रतींबद्दल थोडं. 'झोंबी'ची जादा प्रत मागे एका विक्रेत्याकडून घरपोच मागवली होती. कोपरे चेपलेले आणि मधला एक फॉर्मा गायब. सोळा पानं नसलेलं पुस्तक थांबलेल्या वाचकाच्या हातात गेलं तर तो कायमचा जाईल. जुनी प्रत घेताना मी आता पान क्रमांक दुकानातच तपासते, आणि त्यासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्वतः जाण्याला पर्याय नाही या मताला आले आहे. आमच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, जे १८९३ पासून चालू आहे, दुर्मीळ झालेलं पुष्कळ मिळतं; विकत घेण्याआधी मी तिथे चाळून बघते. पारदर्शक प्लास्टिकची कव्हरं मात्र कृपा करून घालू नका. पावसाळ्यात आतून दमट होतात आणि पुठ्ठ्याला बुरशी धरते. खाकी कागद उत्तम.

एक छोटा आनंद राहिला. आमचे वॉचमनदादा वऱ्हाडातले. त्यांना 'बारोमास' दिलं होतं, शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट म्हणून. रात्रपाळीत वाचून परवा परत केलं आणि पाऊण तास उभ्या उभ्या गावाकडच्या शेतीबद्दल बोलले. निम्म्या शब्दांना मी थांबवून अर्थ विचारत होते. बोलता बोलता त्यांनी एक संवाद त्यांच्या ढंगात म्हणून दाखवला. छापलेला तो मला सपाट वाटला होता, त्यांच्या तोंडून तो जिवंत झाला.

आता हे आणि काकूंचं मोठ्याने वाचणं एकत्र ठेवून पाहा. उद्धव शेळक्यांचं 'धग' १९६० चं, माझ्या मते आपल्या भाषेतल्या थोर कादंबऱ्यांपैकी एक, आणि माझ्या कपाटातून सगळ्यांत जास्त वेळा अर्धवट परत आलेली. दरवेळी कार्डावर पहिल्या काही पानांतलाच आकडा. वऱ्हाडी संवाद आले की ठाण्यातला वाचक थांबतो. नायिका कौतिकपर्यंत तो पोचतच नाही, आणि मागणं असलेली माणसं शोधायची तर कौतिकसारखी दुसरी कुठे मिळणार? दादांना विचारलंय, की सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये 'धग'ची सुरुवातीची पानं वाचून दाखवाल का. आधी लाजले. मग म्हणाले, पुस्तक दोन दिवस आधी द्या, घरी वाचून बघतो.

पुस्तक त्यांच्याकडे गेलंय. त्या दिवशी पाच प्रती लागतील, माझ्याकडे दोन आहेत. ठाणे, मुलुंड, डोंबिवलीत कुणाकडे वाचनीय प्रत पडून असेल तर आठवड्यापुरती द्या, खाकी कव्हर घालून परत करेन. आणि आपल्या शाळेतला न विसरलेला धडा प्रत्येकाने कळवा, इयत्तेसकट. पुस्तक सापडत नसेल तरी कळवा, शोधायचं काम माझं.