ऐकू कमी येतं, म्हणून दिसतं जास्त?

माझ्या कानातलं मशीन दिसलं आणि मी चित्रं काढतो हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुमची नजर तीक्ष्ण असेल, नाही का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण हेंड्रिक आवरकाम्प या जुन्या डच चित्रकाराच्या निमित्ताने.

हा १५८५ साली अ‍ॅमस्टरडॅमला जन्मला, वाढला काम्पेन या डच गावात. वडील औषधं विकायचे. पोराला बोलता येत नसे. जन्मापासून बहिरा असावा असं अभ्यासक मानतात. लोकांनी नाव पाडलं 'काम्पेनचा मुका', आणि ते कागदोपत्रीही चिकटलं. आपल्यामागे या अविवाहित मुलाचं कसं होणार, हा घोर आईच्या मृत्युपत्रात उतरलाय. ती गेल्यावर काही महिन्यांतच, १६३४ साली, तोही गेला.

त्याचं १६०८च्या सुमाराचं हिवाळ्याचं चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. गोठलेल्या पाण्यावर अख्खा गाव लोटलाय. कोणी आपटलंय, कोणी नटूनथटून मिरवतंय. डावीकडे खाली एक जुनं दार काठीवर तिरकं टेकवून ठेवलंय: पाखरांसाठी सापळा. दोरी ओढली की दार खाली. शेजारी मेलेलं जनावर, त्यावर कुत्रा नि कावळा. उजवीकडच्या खोपटाच्या फळ्यांवर पोरांनी खरडावं तशी चित्रकाराची सही!

याला 'बहिऱ्याची नजर' म्हणतात, ते मला पटत नाही. क्षितिज उंच धरून खाली माणसांची जत्रा भरवायची, ही फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, चित्रकारांची रीत. त्यांच्यातल्याच ब्रूगेलने ती आधीच गाजवली होती. आवरकाम्प अ‍ॅमस्टरडॅमला पीटर आयझाक्स या चित्रकाराच्या हाताखाली शिकला. १६०७-०८चा हिवाळाही कडाक्याचा होता, म्हणजे विषय दारातच. शिवाय माणूस सतत रेखाटत असे. त्या रेखाटनांचा मोठा साठा विंडसरला इंग्लंडच्या राजघराण्याकडे आहे. एकदा साधलेली आकृती तो पुढे दुसऱ्या चित्रातही बिनदिक्कत वापरायचा. ही मेहनत सोडून सगळं श्रेय कानाला द्यायचं, हे मला अन्यायाचंच वाटतं.

माझं म्हणाल तर उलटंच आहे. चारचौघांत बसलो की माझे डोळे बोलणाऱ्याच्या ओठांना जखडलेले असतात. बाकीच्यांनी काय घातलंय, कोण कोणाला खुणावतंय, ते मला घरी आल्यावर बायकोकडून कळतं. रेखाटायला मी स्टेशनवर जातो, कारण तिथे माझ्याशी कोणी बोलत नाही.

आणि हो, पुढच्या वेळी विचाराल तेव्हा तोंडावर हात धरू नका.