एका ताटातलं जेवण

शनिवार, रात्री साडेअकरा

आज मॅनहॅटनमधलं काम लवकर आटपलं म्हणून वॉशिंग्टन हाइट्सला उतरले, तिथला ऑडुबॉन बॉलरूम हा जुना हॉल बघायचं कधीपासून मनात होतं. २१ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतल्या काळ्यांचा नेता माल्कम एक्स याला इथेच गोळ्या घातल्या, भाषणाला उभा राहिला होता फक्त, बायको आणि लहान मुली समोर. आता आत त्याचा पुतळा आहे. निघाले तरी जीव तिथेच घुटमळत राहिला.

घरी येऊन त्याचं मक्केहून लिहिलेलं पत्र परत वाचलं. एप्रिल १९६४, वय ३८. लहानपणी स्वतःचं घर जळताना पाहिलेला माणूस, नेशन ऑफ इस्लाम या अमेरिकेतल्या काळ्या मुसलमानांच्या संघटनेत वर्षानुवर्षं सांगत फिरला की गोरा म्हणजे सैतान, आणि अमेरिकेनं त्याला दुसरं काय दाखवलं होतं? हजला निघाला तर जेद्दात लक्षात आलं की आपल्याला धड नमाजही पढता येत नाही. एवढा मोठा वक्ता, आणि दुसऱ्यांचं बघून बसायला शिकतोय, पाय दुखतायत. मला हे फार भिडतं. मग तो लिहितो की निळ्या डोळ्यांच्या गोऱ्या मुसलमानांबरोबर एका ताटात जेवलो, एकाच ग्लासातून पाणी प्यायलो.

ताट वाचलं की मला आमच्या गावच्या घरातला कप आठवतो, कान तुटलेला, मागच्या पडवीत कोनाड्यात ठेवलेला, कामावरच्या बाईसाठी वेगळा. आम्ही पोरं तिला वरून चहा ओतायचो. लाज वाटते अजून.

सौदीत गुलामगिरी कायद्यानं बंद झाली १९६२ ला, म्हणजे माल्कमच्या हजच्या दोनच वर्षं आधी, तेव्हा तिकडे सगळं आलबेल होतं असं मी म्हणणार नाही. पण अरबाला बिगरअरबावर, गोऱ्याला काळ्यावर वरचढपणा नाही हे पैगंबरांच्या शेवटच्या खुतब्यातलं, म्हणजे प्रवचनातलं, म्हणून सांगतात, आणि पहिली बांग द्यायचा मान बिलाल या पैगंबरांच्या हबशी साथीदाराला. हा आधार अमेरिकेतल्या काळ्या माणसानं घट्ट धरला. १९७५ ला नेशनचे प्रमुख एलायजा मुहम्मद गेले, मुलगा वॉरिथ दीन यांनी गोरा म्हणजे सैतान ही शिकवण सोडली, गोऱ्यांनाही दार उघडलं, त्यांचे लोक स्वतःला बिलालियन म्हणवायला लागले, संघटनेच्या पेपरचं नावसुद्धा बिलालियन न्यूज झालं.

ऑफिसमधल्या एका बाईंचे वडील तेव्हा नेशनमध्ये होते. काल सैतान म्हणायचं आणि आज शेजारी नमाजाला उभं करायचं, हे त्यांच्या घरात कसं पचलं असेल? सोमवारी लंचला विचारणार आहे, त्यांना चालणार असेल तर.