मामाचं रजिस्टर आणि खुर्चीतल्या बाई

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते, ऑफिसात कोणाचं मन लागत नव्हतं आणि त्यात मामाचा फोन. "शनिवार-रविवार इकडे ये, आम्हाला एक लॅपटॉपवाला माणूस हवाय." म्हणजे भाचा म्हणून आमंत्रण नाही, लॅपटॉप म्हणून. तरी निघालो, कारण नोव्हेंबरातलं कोकण मला फार आवडतं, पाऊस गेलेला असतो पण गवत अजून पूर्ण वाळलेलं नसतं आणि डिसेंबरातली गर्दी यायची असते.

पुण्यातून पहाटे साडेपाचला निघालो. ताम्हिणी, माणगाव, लोणेरे, मग आत गोरेगाव, आंबेत, सावित्रीवरचा पूल ओलांडला की म्हाप्रळ, मंडणगड. रस्त्याबद्दल लिहीत नाही, ज्याने त्याने आपली कंबर घेऊन जावं. केळशीच्या बाजूने समुद्राला लागलो आणि आडे ते आंजर्ले हा जो रस्ता आहे तिथे गाडी थांबवून दहा मिनिटं नुसता बसलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली खडकावर फुटणारं पाणी, मध्ये एक गाडी जाईल एवढाच डांबराचा पट्टा. समोरून टेम्पो आला तर काय हा विचार टेम्पो आल्यावरच करायचा.

मामाचं गाव याच पट्ट्यात. नाव लिहीत नाही, लिहिलं तर मामा खवळेल, आणि वाचून उद्या पाच गाड्या गेल्या तर त्यांना जेवायला मामीलाच घालावं लागेल.

मामा झेडपीचा मास्तर. छत्तीस वर्षं नोकरी, ५८ ला रिटायर, त्याला आता तेरा वर्षं झाली. गावात आणि आसपासच्या तीन-चार वाड्यांत मिळून असे अकरा रिटायर मास्तर आणि बाई आहेत. त्यांच्या ग्रुपला नाव नाही, बोर्ड नाही, अध्यक्ष नाही (अध्यक्ष केला तर भांडणं होतील म्हणून मुद्दाम नाही). गावात त्यांना नुसतं "मास्तर लोक" म्हणतात. "मास्तर लोकांकडे जा, ते बघतील" हे वाक्य मी दोन दिवसात निदान सहा वेळा ऐकलं.

घरी पोचलो तर मामी पडवीत सुपाऱ्या वाळत घालत होती. घावणे, चटणी, गवती चहा टाकलेला चहा झाला आणि लगेच मामाने रजिस्टर समोर ठेवलंन. शाळेचं हजेरीचं असतं तसंच, लांबडं, कडेला लाल पट्टी, पाठीला कापडी चिकटपट्टी. आत मुलांची नावं नाहीत, घरं आहेत. वाडीवार. प्रत्येक घरापुढे रकाने: उघडं की बंद, मालक कुठे, फोन, किल्ली कोणाकडे, घरात साठीच्या वरचं कोण, औषध कुठलं चालू, आणि शेवटी शेरा. शेरे वाचून मी हसलो. "मुलगा बोरिवलीला. फोन उचलत नाही. सून उचलते." एका बंद घरापुढे, "कौलं फुटलीत. तीनदा कळवले." तिसऱ्यांदा लाल पेनने.

मामाच्या वाडीत चौदा घरं, त्यातली सहा वर्षभर उघडी असतात. बाकीची गणपतीला आणि मे महिन्यात. कोकणात हे कोणाला नवीन नाही, पण एका पानावर शाईने ओळीत "बंद, बंद, बंद" वाचताना जरा वेगळं वाटतं.

हे रजिस्टर सुरू झालं ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाच्या दिवशी, म्हणजे खरं तर दुसऱ्या दिवशी. तेव्हा लॉकडाऊन, घरमालक मुंबईत अडकलेले, इथे आगरातल्या पोफळी (सुपारीची झाडं) काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडलेल्या, माड आडवे, छपरं उडालेली, लाइट गेली ती किती दिवस आली नाही ते मामी अजून बोटांवर मोजून सांगते. पंचनामे करायला माणसं येणार, पण कुठलं घर कोणाचं, सातबारावर कोणाचं नाव, पोफळी किती होत्या, हे सांगणार कोण? तर हे मास्तर. कारण गावातला साठीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस यांच्यापैकी कोणाच्या तरी वर्गात बसलेला, आणि त्याचा बाप यांच्याकडे दाखल्यावर सही करायला आलेला.

आता गंमत बघा. मी लहानपणापासून मामाकडे येतोय आणि लहानपणापासून त्याचं एकच रडगाणं ऐकतोय, की आम्हाला शिकवू देत नाहीत. जनगणना मास्तरांनी करायची, मतदार याद्या मास्तरांनी, पोलिओच्या रविवारी मास्तर, गावातली शौचालयं मोजायची मास्तरांनी, खिचडीचे तांदूळ किती आले किती शिजले ते मास्तरांनी लिहायचं. अशैक्षणिक कामं, अशैक्षणिक कामं, हा शब्द मला दुसरीत असताना पाठ होता. आणि रिटायर झाल्यावर हा माणूस काय करतोय, तर तेच. घर टू घर फिरतोय, रकाने भरतोय, याद्या करतोय, तेही फुकट. मी तसं बोलून दाखवलं. मामा म्हणाला, "अरे तेव्हा वरून सांगायचे." एवढंच. आणि चष्मा पुसायला लागला.

आगरात वादळातल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपं आता डोक्याच्या वर गेलीत. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे पहिलं फळ आत्ता कुठे दिसायला लागलंय. मामीच्या पडवीतल्या सुपाऱ्या जुन्या, वाचलेल्या झाडांच्या.

शनिवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात क्लास. शाळेचा पट इतका कमी की पाचवीच्या स्कॉलरशिपला बसणारी तीन मुलं आणि आठवीच्या दोन मुली, त्या बाजूच्या गावातून येतात. परीक्षा फेब्रुवारीत. शिकवायला एक गणिताच्या बाई, वय सत्तरीच्या पुढे, आवाज असा की मंडपाबाहेर चप्पल काढताना मी आपोआप शर्ट खोचला. मुलांचं लक्ष उडालं की त्या कर्व्यांची गोष्ट सांगतात. महर्षी कर्वे याच दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. पोरवयात परीक्षा द्यायला मित्रांबरोबर साताऱ्याला चालत गेले, शंभर मैलांच्या वर अंतर, आणि तिथे साहेबाने बघितलं आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. बाई हे सांगून थांबल्या, परिणाम बघायला. तर पाचवीतला एक चिमुरडा म्हणाला, "मग परत पण चालत आले?" बाई दोन सेकंद गप्प. "ते नंतर. आधी लसावि काढ."

मला मात्र रात्री मामाने कर्व्यांचीच दुसरी गोष्ट सांगितलंन, जी मला माहीत नव्हती. मुरूडला सोमण म्हणून गुरुजी होते, त्यांनी लहान धोंडूला देवळात वर्तमानपत्र वाचायला बसवलं, गावातल्या लोकांना ऐकू जाईल असं मोठ्याने. म्हणजे सन १८७० च्या आसपासची गोष्ट. भारतरत्न वगैरे सगळं खूप नंतर, १९५८ ला, शंभराव्या वर्षी. "आम्ही पण रविवारी पेपर वाचायचा प्रयत्न केला," मामा म्हणाला, "पण आता सगळ्यांना बातमी आधीच मोबाईलवर आलेली असते, आणि खोटी असते. मग वाचण्यापेक्षा भांडणंच जास्त." महिन्याभरात बंद केलं त्यांनी ते. मला हे आवडलं, की बंद केलं हे पण सांगतात.

रविवार सकाळ. मला ज्यासाठी बोलावलं होतं ते काम. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीचा दाखला. बँकेत जाऊन यादीवर सही करायची नाहीतर मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढायचं. बँक लांब, जी रिक्षा मिळेल ती जाऊन येऊन तीन-चारशे मागते, आणि आधीच्या आठवड्यात दोघं गेले तर तिथे नेट बंद म्हणून परत आले. म्हणून यावर्षी मास्तर लोकांनी ठरवलं की जे चालू शकत नाहीत त्यांच्याकडे आपणच जायचं.

पहिलं घर एका बाईंचं. वय शहाऐंशी. मामाला पहिलीत शिकवलेल्या. ओटीवर झोपाळ्यात बसल्या होत्या, नऊवारी, नाकात नळी नाही की काही नाही, ठणठणीत, फक्त गुडघे गेलेले. आधी ठसा घ्यायच्या मशीनवर बोट ठेवलं. नाही. दुसरं बोट. नाही. दहाही बोटं झाली. बाईंची बोटं अगदी गुळगुळीत, काजू सोलून सोलून रेषा पुसल्यात, त्यात वय. मामा म्हणाला चेहऱ्याचं करू. त्यासाठी दोन अ‍ॅप टाकायची, आधी माझा चेहरा दाखवायचा मग त्यांचा, आणि या सगळ्याला रेंज लागते, जी बाईंच्या ओटीवर नाही. रेंज कुठे? तर पाखाडी चढून वर गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी), फणसाच्या खाली. पंचवीस-तीस पायऱ्या, जांभ्याच्या, शेवाळलेल्या.

मग प्लास्टिकची खुर्ची आणली. बाईंना त्यात बसवलं. एका बाजूने मामा, वय एकाहत्तर, दुसऱ्या बाजूने एक रिटायर हेडमास्तर, वय सदुसष्ट, मागून मी. दोघंही बाईंचे विद्यार्थी. वरात निघाली. बाई वरून सूचना देतायत, "डावीकडे ढिला दगड आहे, बघून. अरे तू लहानपणी पण असाच धांदरट होतास." हेडमास्तर घामाघूम, पण "हो बाई, हो बाई."

वर पोचलो. मोबाईल समोर धरला. गोल आला, गोलात बाई आल्या. अ‍ॅप म्हणतंय डोळे मिचकवा. मी म्हटलं, बाई, डोळे मिचकवा.

"कोण म्हणतंय?"

"मोबाईल म्हणतोय बाई. जिवंत माणूस आहे की फोटो ते बघतो."

"म्हणजे मी जिवंत आहे हे मी डोळा मारून सांगायचं?"

मामा इतका हसला की गडग्याला टेकून बसला. तीन वेळा फेल गेलं, कारण बाई एकतर रोखून बघत होत्या, चूक पकडल्यासारखं, नाहीतर दोन्ही डोळे घट्ट मिटत होत्या. चौथ्यांदा वाऱ्याने फणसाचं पान तोंडाजवळून गेलं, बाईंनी दचकून पापण्या हलवल्या आणि हिरवी खूण आली. दाखला निघाला. बाईंनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, वाचला आणि म्हणाल्या, "आडनावातला ऊ दीर्घ हवा." आता ते आधार कार्डापासूनच चुकलेलं, आम्ही काय करणार. मामाने रजिस्टर काढलं आणि शेऱ्यात लिहिलंन.

दिवसभरात सात दाखले झाले. एक राहिला, त्या आजोबांनी नाहीच म्हटलं, मी बँकेतच जाणार, तेवढंच बाहेर पडणं होतं. बरोबरच आहे की.

सगळं गोडगोड आहे असं नाही. प्रायमरीवाले आणि हायस्कूलवाले असे दोन गट आतून आहेतच, जुन्या दोन संघटनांची खुन्नस अजून चहावर निघते. कोळीवाड्यात यांचं वजन कमी, कारण अकरात तिथलं कोणीच नाही, आणि तिकडची एक ताई मला तोंडावर म्हणाली, "मास्तर अजून छडी घेऊनच फिरतात." ग्रामपंचायतीतल्या पोरांना पण हे जड जातात, प्रत्येक ठरावात शुद्धलेखन काढतात. मला तर वाटतं मामाला कोणीतरी नाही म्हणायला हवं अधूनमधून. मामी म्हणते, पण ती एकटी.

आणि एक गोष्ट हेडमास्तर बोलले ती डोक्यात राहिली. म्हणाले, हे सगळं आम्ही करतोय कारण पहिल्या तारखेला पेन्शन जमा होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर जे लागले त्यांना आमच्यासारखी जुनी पेन्शन नाही, ते रिटायर झाल्यावर ट्यूशन घेतील नाहीतर मुलाकडे जातील, फुकट पाखाडी कशाला चढतील. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो की नाही हो, करतील. ते नुसते हसले.

संध्याकाळी पूल ओलांडून हर्णैला गेलो, मासळीचा लिलाव बघायला. बैलगाड्या पाण्यात शिरतात आणि मासळी घेऊन बाहेर येतात, समोर सुवर्णदुर्ग, जो २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. सुरमई घेतली, जास्त पैसे दिले असं मामी म्हणाली. ती दर वेळी म्हणते.

सोमवारी पहाटे निघताना मामाने डिकीत नारळ टाकलेन आणि हातात एक कागद. रजिस्टरमधून उतरवलेली तीन नावं, तिघंही पुण्यात राहणारे, तिघांची घरं बंद. एकाच्या विहिरीची वाट खचलीये, एकाच्या घरावर माड कललाय तो तोडायला लेखी परवानगी हवी, तिसऱ्याच्या पडवीत वाळवी. "फोनवर ऐकत नाहीत. तू प्रत्यक्ष जा. सही घे. रविवारपर्यंत."

दोन झाले. कोथरूडच्या काकांनी सही दिली, वर चहा दिला आणि गावाला यायचंय हो यायचंय करत अर्धा तास बसवलं. सिंहगड रोडवाल्या वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागितला, माड बघून घाबरल्या आणि लगेच सही केली. तिसरे वारज्याचे, वाळवीवाले, ते काही सापडत नाहीत, दोनदा जाऊन आलो, दाराला कुलूप. काल रात्री मामाचा फोन, हॅलो नाही काही नाही, "तिसऱ्याचं काय?" मी म्हटलं घर बंद आहे. पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला.