माती पडली आणि उजेड गेला

आजचा अख्खा दिवस रोडामाइन ६जी हा चमकणारा डाय (रंगद्रव्य) आणि मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती यांच्या नादात गेला. या डायचं पातळ द्रावण यूव्ही दिव्याखाली असं पिवळंहिरवं पेटतं की बघत राहावं! त्यात मातीचं जरासं पाणी सोडलं आणि चमक झर्रकन उतरली. रंग शाबूत, उजेड गायब.

कारण मातीच्या थरांत आहे. जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे हे थर. त्यांत काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, म्हणून थरावर ऋण भार. डायचे धनभारित रेणू त्याला चटकन चिकटतात, दाटीवाटीने एकमेकांवर रचले जातात आणि अशा जोड्या प्रकाश शोषून घेतात, पण परत देताना कंजूषपणा करतात. ऊर्जा उष्णतेत जिरते. नैसर्गिक मातीत लोह असलं तर तेही उजेड खातं. (लॅपोनाइट ही अशीच पण कृत्रिम माती, तिच्यात लोह जवळपास नाहीच, म्हणून मोजमापाला ती मला जास्त आवडते.)

पण माती म्हणजे उजेडाची वैरीण, असं सरसकट म्हणणं चूक. सॅपोनाइट या दुसऱ्या चिकणमातीवर काही पॉर्फिरिन (कड्यासारखे रंगीत) रेणू एकेकटे बसतात, कारण रेणूवरच्या भारांमधलं अंतर थरावरच्या भारांशी जुळतं. जखडून बसल्यामुळे त्यांची थरथर कमी होते आणि ते उलट जास्त चमकू शकतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच: थरावरचा भार कमी, तर मिथिलीन ब्लू या निळ्या डायच्या रेणूंची गर्दीही कमी. आणि गर्दीनुसार डाय कोणता प्रकाश शोषतो ते बदलतं. म्हणजे नुसता त्याचा वर्णपट (कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला त्याचा आलेख) पाहून मातीच्या भाराचा अंदाज बांधता येतो!