कोल्हापूरहून जैसलमेरच्या खडिनांकडे : शेतकऱ्यांसाठी प्रवासनोंदी

गगनबावड्यात जुलैतील एखाद्या मुसळधार दिवशी जेवढा पाऊस कोसळतो, साधारण तेवढाच जैसलमेरला वर्षभरात पडतो, आणि तरीही तिथे विहीर किंवा कालव्याशिवाय गहू पिकतो. हे कसे घडते ते पाहण्यासाठी आमच्या शेतकरी गटाने हा प्रवास केला. कोल्हापूरहून मुंबई किंवा अहमदाबाद गाठावे, तिथून रेल्वेने जोधपूर आणि पुढे रस्त्याने जैसलमेर असा मार्ग सोयीचा पडतो. जोधपूरला थांबणारच असाल, तर १९५९ पासून कोरडवाहू शेतीवर काम करणारी केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, म्हणजे तिकडच्या बोलीतील ‘काजरी’, आधी पत्र पाठवून अवश्य पाहावी.

जैसलमेरजवळच्या कुलधरा या ओसाड गावाला पर्यटक भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला जातात. शेतीच्या माणसाने मात्र ओस पडलेल्या घरांपेक्षा आसपासच्या सखल जमिनीकडे लक्ष द्यावे, कारण हे गाव वसवणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांची खरी करामत, म्हणजे खडिन, तिथे आहे. खडिनाची रचना साधी आहे: खडकाळ, उघड्या उतारावरून वाहून येणारे पाणी खालच्या बाजूला मातीचा लांब बांध घालून अडवायचे, जादा पाणी सांडव्यावाटे जाऊ द्यायचे आणि उरलेले जमिनीत मुरू द्यायचे. पाणी गोळा करणारे क्षेत्र पिकाच्या क्षेत्राच्या दहा पटींहून अधिक लागते. पाणी ओसरले, की केवळ मुरलेल्या ओलीवर गहू, हरभरा किंवा मोहरी पेरतात. पेरणीच्या वेळेपर्यंत पाणी साचून राहिले, तर ते काढून देण्यासाठी बांधात मोरी ठेवलेली असते. आमच्या गटातील शिरोळकडच्या मंडळींचे पाय या मोरीपाशीच सर्वांत जास्त वेळ रेंगाळले, कारण क्षारपड जमिनीला पाणी देण्याइतकेच ते काढून देणेही महत्त्वाचे असते, हे त्यांना सांगावे लागत नाही. साचलेले पाणी मुरताना क्षार खाली घेऊन जाते, आणि उतारावरून येणारा गाळ व शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या दरवर्षी नवा थर देतात.

पण नुसत्या गाळाने माती होत नाही. वाळवंटातील सेवण गवताचा एक ठोंब मालकाच्या परवानगीने उपटून पाहिला, तेव्हा प्रत्येक मुळाभोवती वाळूचे घट्ट आवरण होते आणि झटकूनही ते सुटत नव्हते. मुळांतून पाझरणारा चिकट द्रव आणि बुरशीचे तंतू मिळून ते बांधून ठेवतात. मुळांत राहणारी मायकोरायझा बुरशी वनस्पतीकडून साखर घेते आणि मुळे पोहोचत नाहीत तिथला स्फुरद आणून देते. मुळाच्या आत तिचे घर पाहायचे असेल, तर मात्र रंगद्रव्य आणि सूक्ष्मदर्शक हवा. तिला जिवंत मूळ लागते. गहू आणि हरभरा तिला आसरा देतात, पण मोहरीच्या मुळांशी तिचे जमत नाही, त्यामुळे त्याच तुकड्यात सलग मोहरी घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. बांधावरची झुडपे आणि गवत काढून सगळे ‘स्वच्छ’ करण्याची आपल्याकडची हौसही याच कारणाने महागात पडते, कारण दोन पिकांच्या मधल्या काळात बुरशीला तिथेच आधार मिळतो. खडिनांत जागोजागी राखलेली खेजडी म्हणजे आपली शमी, जिचे दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात पूजन होते. तिच्याही मुळांत ही बुरशी नांदते.

बाटलीतील किंवा पाकिटातील मायकोरायझा आणून वरून फेकण्यात अर्थ नाही. तो रोपवाटिकेच्या पिशवीत किंवा पेरणीच्या वेळी मुळाशी जाईल असा द्यावा, आणि त्याच सुमारास बुरशीनाशकाची आळवणी करू नये. स्फुरदयुक्त खताचा मारा असेल, तर पीक बुरशीला फारसे पोसत नाही.

पाणी भरलेले पाहायचे असेल, तर चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, आणि हिरवा गहू पाहायचा असेल, तर डिसेंबर-जानेवारी हा काळ निवडावा. हिवाळ्यातील रात्री कोल्हापूरच्या मानाने फारच गार असतात. मारवाडी समजणारा स्थानिक सोबती घ्यावा. सीमाभाग असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि काही भागांत परवानगी लागते, तिची चौकशी आधी करावी. खडिनाच्या तळात गाडी घालू नये. वरून सुकलेला गाळ आत ओला असतो, चाक रुतते आणि शेतकऱ्याची जमीनही दबते. पावसानंतर वाळूतून वर येणारी खुंबी स्थानिक लोक आवडीने खातात, परंतु ती जाणकाराने ओळखून दिली तरच ताटात घ्यावी.